वाचक विचारतात : जेडायच्या रक्तात नेमके काय असते?

‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेतील जेडाय योद्धे वापरतात ती ‘फोर्स’ ही गूढ शक्ती आणि तिला विज्ञानाचा आधार देण्याचे प्रयत्न, या विषयावर आलेल्या काही पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे लांब होती. प्रश्नाचा गाभा कायम ठेवून ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील मित्रमंडळींत एक वाद कधीच मिटत नाही. १९९९ च्या ‘द फँटम मेनस’मध्ये फोर्सचा संबंध रक्तातल्या जंतूंशी जोडून मालिकेचे कर्ते जॉर्ज लुकास यांनी एका सुंदर कल्पनेचे मातेरे केले, असे निम्मे जण म्हणतात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या आम्हा उरलेल्यांना मात्र ती कल्पना फार आवडते. कोणाचे बरोबर आहे?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही किंवा ज्यांना तो आता आठवत नाही, त्यांच्यासाठी आधी प्रसंग सांगतो. टॅटूइन या वाळवंटी ग्रहावर रात्रीच्या वेळी क्वाय-गॉन जिन हा जेडाय गुरू लहानग्या ॲनाकिनच्या हातावरची जखम पुसतो, जंतुसंसर्ग झालेला नाही ना ते पाहतो आहे असे त्याला सांगतो आणि रक्ताचा नमुना एका छोट्या यंत्रावर घेऊन त्याचे वाचन जहाजावरील आपला शिष्य ओबी-वान याच्याकडे पाठवतो. आकडा वीस हजारांच्या वर जातो. खुद्द योडा या ज्येष्ठ जेडाय गुरूचाही आकडा एवढा नाही, असे ओबी-वान चकित होऊन सांगतो. पुढे क्वाय-गॉन मुलाला समजावतो की, मिडी-क्लोरियन हे प्रत्येक सजीव पेशीत राहणारे अतिसूक्ष्म जीव आपले सहजीवी आहेत, त्यांच्यावाचून जीवन शक्य नाही आणि फोर्सची इच्छा तेच आपल्यापर्यंत पोहोचवतात.

हे संवाद नीट ऐकले, तर आपल्या दोन्ही गटांची थोडी अडचण होते. मिडी-क्लोरियन म्हणजे फोर्स, असे चित्रपट कोठेही म्हणत नाही. ते मध्यस्थ आहेत. फोर्स काय आहे, हा प्रश्न १९७७ च्या पहिल्या चित्रपटात जिथे होता तिथेच १९९९ मध्येही राहिला. उत्तर मिळाले ते एवढेच, की फोर्स कोणाला अधिक स्पष्ट ऐकू येतो आणि का. तेव्हा गूढाचा खून झाला, ही तक्रार फार ताणण्यात अर्थ नाही. शिवाय पहिल्या चित्रपटातच ओबी-वान केनोबी फोर्सचे वर्णन सर्व सजीवांनी निर्माण केलेले ऊर्जाक्षेत्र असे करतो. ही भाषा काही निव्वळ अध्यात्माची नव्हे. लुकास यांनी ही टूम बावीस वर्षांनी ऐनवेळी काढली, असे जे सांगितले जाते तेही खरे नाही. जे. डब्ल्यू. रिन्झलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या चित्रपटाच्या निर्मितीकथेत लुकास यांची १९७७ ची टिपणे आहेत आणि काही जीवांच्या पेशींत मिडी-क्लोरियन अधिक असतात, ही कल्पना त्यांत आलेली आहे.

आता आपल्या गटाकडे वळू. ही कल्पना कोठून आली असावी, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. आपल्या पेशींतील तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया, एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होत्या, हा सिद्धान्त लिन मार्ग्युलिस यांनी पंधराएक नियतकालिकांचे नकार पचवून १९६७ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे तो पाठ्यपुस्तकांत गेला. मानवी तंतुकणिकेत स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो. त्यात १६,५६९ अक्षरे आणि ३७ जनुके उरली आहेत, बाकीची केंद्रकात गेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे पेशीत राहणारा, आपल्या जगण्याला अत्यावश्यक असलेला आणि मुळात परका असलेला जीव, येथपर्यंत लुकास यांचे जीवशास्त्र ठीक आहे.

पण कल्पना आवडली म्हणून तेथेच थांबू नका. तिच्याकडून हिशेब मागा. तंतुकणिका केवळ आईकडून येतात, कारण शुक्रपेशीतून आलेल्या तंतुकणिका फलनानंतर नष्ट केल्या जातात. मिडी-क्लोरियन तसेच वागत असतील, तर ॲनाकिनची मुले ल्यूक आणि लेया यांना ते त्यांची आई पद्मे हिच्याकडून मिळाले, आणि पद्मे काही जेडाय नव्हती. मग १९८३ च्या चित्रपटात ल्यूक म्हणतो की, वडिलांकडे ही शक्ती आहे, माझ्याकडे आहे आणि बहिणीकडेही आहे, त्याची वाट कोणती? यातून एक चांगली पळवाट निघते. एखाद्या पेशीत तंतुकणिका किती असाव्यात, हे बऱ्याच अंशी केंद्रकातील जनुके ठरवतात आणि ती आईवडील दोघांकडून येतात. म्हणजे जात आईची आणि संख्या ठरवणारी सूत्रे बापाची, असे मानले की गणित जुळते.

आणि येथे दुसऱ्या गटालाही काही मिळण्यासारखे आहे. त्यांचा खरा राग जंतूंवर नसून जन्माने मिळणाऱ्या अधिकारावर असावा, असे पत्र वाचताना वाटले. तपश्चर्येने मिळणारी सिद्धी एकदम रक्ततपासणीच्या अहवालात जाऊन बसली, हे त्यांना खुपते. परंतु जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते की, नियमित धावायला लावलेल्या उंदरांच्या स्नायूंत तंतुकणिकांतील विकरांची (एन्झाइमांची) क्रियाशीलता सुमारे दुपटीने वाढते. व्यायामाने तंतुकणिका वाढतात, हे आज सर्वमान्य आहे. मग योडाच्या दलदलीत उलटे उभे राहून केलेल्या साधनेने मिडी-क्लोरियन का वाढू नयेत? आकडा जन्मभर तोच राहतो, असे या प्रसंगात कोणीही म्हणत नाही. ते चाहत्यांनी मनाशी ठरवले आहे.

जाता जाता एक कुरकुर. वीस हजार म्हणजे कशात वीस हजार? प्रसंगात एककच नाही. घरोघरी येणाऱ्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या अहवालात पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरला चार ते अकरा हजार असे स्पष्ट छापलेले असते. आकडा प्रत्येक पेशीमागे आहे, असे चाहते धरून चालतात. तसे असेल तर तपासणी रक्ताची करणे हा फारसा चांगला निर्णय नव्हे, कारण माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशींत केंद्रकही नसते आणि तंतुकणिकाही नसतात. यकृताच्या पेशीत तंतुकणिका हजार-दोन हजार असतात आणि स्त्रीबीजात लाखाच्या वर. आकडा कोणत्या पेशीचा, हे सांगितल्याशिवाय त्याला किंमत नाही, हे आपण तरी आपल्या मित्रांना सांगू शकाल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून भौतिकशास्त्र शिकवत असे. १९८० च्या चित्रपटात योडा दलदलीत बुडालेले अख्खे यान केवळ हात पुढे करून बाहेर काढतो. एवढ्याशा जीवात इतकी ऊर्जा येते कोठून, असे नातू विचारतो. त्याला काय सांगावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नातवाला सांगावे की, ऊर्जा ही अडचण नाहीच. यानाचे वस्तुमान चित्रपटात सांगितलेले नाही. आपण पाच टन धरू आणि ते चार मीटर उचलले गेले असे मानू. लागणारी ऊर्जा सुमारे १,९६,००० ज्यूल, म्हणजे जेमतेम ४७ किलोकॅलरी होते. शरीर अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामी लावते हे लक्षात घेतले, तरी दोन पोळ्यांत हे काम भागते.

अडचण पहिली, वेगाची. तेवढे काम वीस सेकंदांत करायचे तर जवळपास दहा किलोवॅट, म्हणजे तेरा अश्वशक्ती लागतात. कसलेला सायकलपटू तासभर टिकवतो ती शक्ती चारशे वॉटच्या आसपास असते. सहासष्ट सेंटिमीटर उंचीच्या आणि आठशे वर्षांहून अधिक काळ विद्यार्थी घडवलेल्या योडाला ते पेलेल का, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसरी अडचण आपल्या आवडीची असेल : न्यूटनचा तिसरा नियम. यानावर वरच्या दिशेने ४९,००० न्यूटन बल लागत असेल, तर तेवढेच बल खालच्या दिशेने कशावर तरी लागले पाहिजे. ते योडावर लागत असेल, तर पाच टनांच्या भाराखाली तो चिखलात दिसेनासा व्हायला हवा. काही चाहते यावर सांगतात की, प्रतिक्रिया सभोवतालच्या सजीव सृष्टीत वाटली जाते. उत्तर हुशारीचे आहे, पण मग आजूबाजूची झाडे, वेली आणि शेवाळे यांनी तो भार सोसल्याची काही खूण दिसायला हवी. तेथे साधी फांदीही वाकत नाही. नातवाला हे दृश्य या नजरेने पुन्हा पाहायला लावा. गतीचे नियम शिकवायला इतका चांगला धडा सहसा मिळत नाही.

प्रश्न : फोर्स म्हणजे आपल्याकडचा प्राण, आणि त्याचे आधुनिक स्पष्टीकरण क्वांटम गुंतागुंत किंवा कृष्णपदार्थ (डार्क मॅटर) असे का मानू नये?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्राणाशी साम्य जाणवणे स्वाभाविक आहे, जीवनशक्तीची कल्पना अनेक संस्कृतींत फार जुनी असल्याचे लुकास यांनीही म्हटले आहे. मात्र पुढची दोन नावे नुसती भारदस्त आहेत. दोन गुंतलेल्या कणांची मोजमापे एकमेकांशी जुळतात, ही गोष्ट पक्की आहे आणि तिच्या प्रयोगांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्या मार्गाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला संदेश पाठवता येत नाही, मग वस्तू ढकलणे तर दूरच. कृष्णपदार्थाची ओळखच मुळी ही, की गुरुत्वाकर्षण सोडले तर तो नेहमीच्या पदार्थाशी जवळजवळ काहीच देवाणघेवाण करीत नाही.

नव्या बलाचा शोध शास्त्रज्ञांनी घेतलेला नाही, असेही नाही. एफ्रेम फिशबाख यांनी १९८६ मध्ये जुन्या प्रयोगांची आकडेवारी तपासून निसर्गातील चार ज्ञात बलांपलीकडच्या पाचव्या बलाची शक्यता मांडली होती. त्यावर वर्तमानपत्रांपर्यंत चर्चा झाली, अनेकांनी प्रयोग केले आणि ते बल काही सापडले नाही. असे बल असते तर वेगवेगळे पदार्थ किंचित वेगळ्या गतीने पडले असते, म्हणून ‘मायक्रोस्कोप’ या फ्रेंच उपग्रहाने प्लॅटिनम व टायटॅनियम यांचे पतन ताडून पाहिले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, एकावर पंधरा शून्ये मांडून येणाऱ्या संख्येत काही भाग एवढ्या बारकाईपर्यंत त्यांत फरक आढळला नाही. फोर्स फक्त सजीवांशी बोलतो म्हणून तो निर्जीव धातूंवरील प्रयोगांत दिसणार नाही, असे म्हणाल तर योडाने उचललेले यान कशाचे बनले होते, याचाही विचार करावा.

प्रश्न : ‘अवतार’मध्येही देवीला शास्त्रीय रूप दिले आहे. तेथे मात्र कोणी आरडाओरडा केला नाही. हा दुजाभाव का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : निरीक्षण अचूक आहे. २००९ च्या त्या चित्रपटात शास्त्रज्ञ डॉ. ग्रेस सांगतात की, कथा घडते त्या पँडोरा या दूरच्या जगातील झाडांच्या मुळांत विद्युतरासायनिक संपर्क आहे, प्रत्येक झाडाचे दहा हजार दुवे आहेत आणि अशी झाडे एक लाख कोटी, म्हणजे एकावर बारा शून्ये इतकी आहेत. गुणाकार केला तर एकावर सोळा शून्ये इतके दुवे होतात. मानवी मेंदूतील जोडण्यांचे अंदाज याच्या दहापट ते शंभरपट कमी आहेत. म्हणजे मेंदूहून अधिक दुवे आहेत, हे ग्रेस यांचे विधान टिकते.

दुजाभावाचे एक कारण क्रम हे असावे. येथे स्पष्टीकरण पहिल्याच चित्रपटात येते; बावीस वर्षे मनात जपलेले कोणाचे काही हिरावले जात नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ग्रेस यांच्या आकड्यांवरून पुढचे काही काढता येते आणि ते तपासता येते. समजा, हे जाळे आपल्या सर्वांत वेगवान मज्जातंतूंइतक्या, म्हणजे सेकंदाला शंभर मीटर वेगाने संदेश नेते. तर पंधरा हजार किलोमीटर दूरच्या टोकाला बातमी पोहोचायला जवळजवळ पावणेदोन दिवस लागतील. असा मेंदू फार सावकाश विचार करील. चित्रपटाच्या अखेरीस पशुपक्षी ज्या तातडीने युद्धात धावून येतात, ते पाहता देवीने निर्णय स्थानिक पातळीवर घेतला असला पाहिजे!

पृथ्वीवरील जंगलांचे म्हणाल, तर सुझन सिमार्ड यांनी १९९७ मध्ये बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होत असल्याचे दाखवले. तिच्यावरून झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, असा जो गाजावाजा झाला त्याच्या मानाने जंगलातील प्रत्यक्ष पुरावा तोकडा आहे, असा आक्षेप तीन संशोधकांनी २०२३ मध्ये सविस्तर मांडला आहे.

प्रश्न : ॲनाकिनला बाप नव्हता, तो मिडी-क्लोरियनमुळे जन्मला असावा, असे सुचवले आहे. ही थाप पचवायची कशी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या मालिकेतील सर्व थापांत हीच सत्याच्या सर्वांत जवळ जाते, असे सांगितले तर आपल्याला आश्चर्य वाटेल. व्होल्बाकिया नावाचा जिवाणू कीटकांच्या पेशींत राहतो आणि आईकडून पिल्लांकडे जातो. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांविरुद्ध त्याचा वापर करण्याचे काम पुदुच्चेरीतील संशोधनसंस्थेतही चालू आहे. ट्रायकोग्रामा या सूक्ष्म गांधीलमाशीच्या काही जातींत हा जिवाणू असला, की मादीला नराची गरजच उरत नाही. अफलित अंड्यांतूनच पिल्ले जन्माला येतात. प्रतिजैविक देऊन जिवाणू मारला, की त्या पुन्हा नरांना जन्म देऊ लागतात.

मात्र यात एक मेख आहे. जिवाणूला स्वतःचा प्रसार हवा असतो, तो केवळ मादीमार्फत होतो आणि म्हणून अशा जन्मातून निपजतात त्या माद्या. या न्यायाने ॲनाकिनची आई श्मी हिच्या पोटी ॲनाकिन नव्हे, मुलगी यायला हवी होती. मुलगा झाला याचा अर्थ, जन्मामागे मिडी-क्लोरियनचा स्वतःचा स्वार्थ नसून त्यांना कोणीतरी बाहेरून कामाला लावले असावे. २००५ च्या चित्रपटात नाट्यगृहात बसून पॅल्पटिन ॲनाकिनला नेमकी अशीच हकिकत ऐकवतो : मिडी-क्लोरियनवर प्रभाव टाकून जीव निर्माण करू शकणाऱ्या डार्थ प्लेगस या सिथची, म्हणजे जेडायांच्या शत्रुपंथातल्या एकाची. तो खरे बोलत होता की नाही, यावर मात्र चाहत्यांचे अजून एकमत झालेले नाही, आणि ते ठरवायला जीवशास्त्राची काही मदत होण्यासारखी नाही.