रिग्रेशन टेस्टिंगमध्ये आधी कोणत्या चाचण्या चालवाव्यात?

रिग्रेशन टेस्टिंग म्हणजे कोड बदलल्यावर आधी नीट चालणारे काही बिघडले नाही ना, हे जुन्या चाचण्या पुन्हा चालवून पाहणे. या चाचण्यांचा क्रम ठरवताना त्या संचात कोणत्या क्रमाने लिहिल्या गेल्या याकडे पाहू नका. या वेळी कोडमध्ये नेमके काय बदलले, हे आधी पाहा. बदललेल्या फंक्शनला आणि त्याला कॉल करणाऱ्या मोड्यूलना स्पर्श करणाऱ्या चाचण्या पहिल्या गटात घ्या, आणि त्यांच्यातही नुकत्याच नापास झालेल्या चाचण्यांना पुढे ठेवा.

नवशिके बहुधा कव्हरेजच्या, म्हणजे चाचणी कोडचा किती भाग चालवून पाहते याच्या, बाबतीत फसतात. समजा, एक चाचणी १ ते ६० या ओळी तपासते, दुसरी १ ते ५८ आणि तिसरी ६१ ते ९०. एकूण कव्हरेज पाहिले तर दुसरी चाचणी तिसरीच्या आधी येते, परंतु पहिलीनंतर ती एकही नवी ओळ तपासत नाही, तर तिसरी ३० नव्या ओळी तपासते. म्हणून प्रत्येक पायरीवर उरलेल्या कोडपैकी सर्वाधिक भाग व्यापणारी चाचणी निवडावी. अर्थात, ओळ चालली म्हणजे तिच्यातील दोष सापडलाच असे नाही, आणि पैशांच्या व्यवहाराची चाचणी कव्हरेज कमी असले तरी मी मागे ढकलणार नाही.

चाचणीला लागणारा वेळही विचारात घ्या. चाळीस मिनिटांच्या एका चाचणीआधी काही सेकंदांच्या अनेक चाचण्या उरकल्या, तर डेव्हलपरला दोष लवकर कळतो.

मात्र क्रम बदलण्यापूर्वी चाचण्या एकमेकींनी तयार केलेल्या डेटावर अवलंबून नाहीत याची खात्री करा, अन्यथा कोड निर्दोष असूनही त्या नापास होतील.