धोंड्याचा महिना धरायचा का?

“मॅडम, तारीख काल उलटली. कळा यायचं नाव न्हाई. लेकरू पोटात वाळंल का हो?”

30 डिसेंबर 2023. लातूर जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी समुपदेशनाला बसते. हे विचारणारी सून पहिलटकरीण, सोबत सासूबाई. माहेरचं गाव दवाखान्यापासून लांब, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलेलं. सासूबाईंनी पिशवीतून सगळे कागद काढून टेबलावर मांडले. मोबाइलचं ॲप सांगत होतं 27 डिसेंबर. आशाताईंनी कार्डावर लिहिलेली 29 डिसेंबर. जूनमधल्या पहिल्या सोनोग्राफीत 7 जानेवारी, नोव्हेंबरातल्या शेवटच्या सोनोग्राफीत 18 जानेवारी. आणि सासूबाईंचं वेगळंच: “संक्रांत झाल्याबगर काय व्हत न्हाई. पौषात दिवस भरतेत.”

तारखा पाच, लेकरू एक.

बाळ हलतंय का, पाणी-रक्त काही जातंय का, हे आधी विचारलं. डॉक्टरांनी सकाळीच तपासलं होतं. ठोके चांगले, पाणी पुरेसं. मग तारखांकडे वळलो.

शेवटची पाळी कधी आली, हे मी कागदाच्या आधी घरातल्या बाईला विचारते. सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. “पाडव्याला. ही बाजूला बसली व्हती, गुढीला हात लावला न्हाई. पुरण म्याच वाटलं.” म्हणजे 22 मार्च. यात नऊ महिने सात दिवस मिळवले की 29 डिसेंबर येते. आशाताईंचं गणित बरोबर होतं. ॲप सरळ 280 दिवस मोजतं आणि महिने कधी 30 चे, कधी 31 चे, म्हणून त्याची 27. हे भांडण नव्हेच.

खरी गोम पुढे होती. हा हिशेब दर 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा आहे. सुनेला विचारलं, तर ती खाली मान घालून म्हणाली, “मला सव्वा महिन्यानं येती. कवा 38, कवा 40 दिवस.” इतक्या महिन्यांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं! स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं. तिची पाळीच लांब, म्हणून दिवसही दहा-अकरा दिवस उशिरा राहिले. पहिल्या सोनोग्राफीला नेमकं हेच दिसलं होतं. अकराव्या आठवड्यात सगळी बाळं जवळपास एकाच मापाची असतात, त्यामुळे तेव्हाची तारीख फार तर पाच-सात दिवसांनी इकडेतिकडे होते. आठव्या महिन्यात मात्र कुणी आईसारखं बारीक, कुणी बापासारखं आडवंतिडवं. तेव्हा तीन आठवड्यांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून पहिल्या सोनोग्राफीवरून ठरलेली तारीख पुढे बदलायची नसते. शेवटच्या रिपोर्टवरची तारीख मशीन मापावरून छापतं, ती वाचून घाबरायचं नाही. बाळाची वाढ कशी आहे ते डॉक्टरांकडून समजून घ्यायचं.

जाता जाता एक सांगते. आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे सुरुवातीचे दोनेक आठवडे पोटात काहीच नसतं. हे ठाऊक नसल्यानं “तेव्हा तर मी ऊसतोडीला होतो” म्हणत संशयानं लाल झालेले नवरे माझ्यासमोर बसलेले आहेत.

आता सासूबाई. त्यांचे नऊ महिने नऊ दिवस पौषात कसे गेले? त्या वर्षी अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. तो त्यांनी मोजलाच नव्हता. “धोंडा कशात धरतेत का?”

“मावशी, धोंड्याला लेक सासुरवाडीला जेवून आला ना?”

“आला की. अनारसे बी खाल्ले.”

“मग पोटातलं लेकरू तेवढा महिना उपाशी होतं का?”

तोंडाला पदर लावून त्या हसायला लागल्या. एकादशी करणारी बाई, म्हणून मी कॅलेंडर त्यांच्याच हातात दिलं. दिवस राहिल्यापासून साधारण 266 दिवस लागतात आणि चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे बरोबर नऊ महिने. सुनेला दिवस राहिले असतील अंदाजे 16 एप्रिलला. ती चैत्र वद्य एकादशी. तिथून पुढच्या नऊ वद्य एकादश्या, धोंड्यातलीही धरून, त्यांनी बोटांवर मोजल्या. नववी आली 7 जानेवारीला. सोनोग्राफीपेक्षा त्यांचा या मोजणीवर जास्त विश्वास बसला, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

सुनेला म्हटलं, तुझे दिवस अजून उलटलेले नाहीत. नेमक्या तारखेला विसातली एखादीच बाळंत होते. 7 च्या पुढे आठवडा गेला तर डॉक्टर काय करायचं ते ठरवतील. हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, रक्त दिसलं, तर मात्र तारीख न बघता रात्रीसुद्धा निघायचं.

11 जानेवारीला येळवस होती, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. दुपारी शेतात कडब्याच्या कोपीतल्या पांडवांची पूजा आटोपली आणि कळा सुरू झाल्या. संध्याकाळी मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सासूबाई डब्यात भज्जी घेऊन माझ्या टेबलापाशी उभ्या.

“मॅडम, तुमची बी तारीख चुकली अन् माझी बी. खाऊन घ्या.”