घरच्या चहाला रंग येतो, पण चव का येत नाही?

आपण विचारले आहे की, घरी केलेल्या चहाला रंग तर छान येतो, परंतु चव कधी फुळकवणी तर कधी कडवट लागते, तेव्हा नेमके प्रमाण आणि पद्धत कोणती. माझ्या मते दोष प्रमाणात कमी आणि चहा रंगावरून ओळखण्याच्या सवयीत अधिक आहे. मीही अनेक वर्षे रंग पाहूनच पातेले उतरवत असे आणि चव रोज वेगळी का लागते, हे मला उमगत नसे.

आपल्याकडे घरोघरी जी दाणेदार पावडर वापरली जाते, जिला बरेच जण ममरी म्हणतात, ती सीटीसी पद्धतीने तयार होते. या पद्धतीत चहाची पाने दातेरी रुळांमधून चिरडली, फाडली आणि वळवली जातात. ही पद्धत आसामात 1930च्या दशकात सुरू झाली. पानांच्या पेशी आधीच फुटलेल्या असल्यामुळे ही पावडर उकळत्या पाण्यात पडताच अर्ध्या मिनिटात गडद रंग सोडते. मात्र चहाचा तांबूस-तपकिरी रंग मुख्यतः थिआरुबिजिन या घटकांमुळे येतो आणि जिभेला जाणवणारा तरतरीतपणा थिआफ्लेविनमुळे येतो, म्हणजे रंग आला म्हणून चव उतरली असे होत नाही. उलट तोच रंग आणखी गडद व्हावा म्हणून चहा आठ-दहा मिनिटे उकळत ठेवला, तर तुरटपणा वाढत जातो आणि सुवास वाफेबरोबर निघून जातो.

दुसरा फसवा भाग पाण्याचा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही घर बदलले आणि नव्या घरी बोअरचे पाणी वापरावे लागले, तेव्हा तीच पावडर आणि तेच दूध असूनही चहा काळपट आणि बेचव होऊ लागला, शिवाय कोऱ्या चहावर पातळ तवंग दिसू लागला. क्षारयुक्त पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांचा चहातील घटकांशी संयोग होऊन हा तवंग धरतो, आणि असे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे रंग मात्र अधिक गडद दिसतो. कोऱ्या चहात लिंबू पिळल्यावर त्याचा रंग एकदम फिका होतो, हे आपण पाहिले असेल. त्याच्या नेमके उलट येथे घडते. म्हणून आपल्याकडे बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल, तर पावडरीचा ब्रँड बदलण्याआधी एकदा शुद्धीकरण यंत्राच्या पाण्याचा चहा करून पाहावा.

आता प्रमाण सांगते. सुमारे 150 मिलिलिटरचे दोन कप चहा हवा असेल, तर दीड कप पाणी, पाऊण कप दूध आणि दोन सपाट छोटे चमचे, म्हणजे साधारण 5 ग्रॅम पावडर घ्यावी. चहाची चव तपासण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयएसओ 3103), त्यातही 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम चहा असेच प्रमाण धरलेले आहे. तेथे चहा उकळत नाहीत, उकळते पाणी ओतून 6 मिनिटे मुरू देतात. दूध म्हशीचे असेल तर अर्ध्या कपापेक्षा थोडे अधिक पुरे, कारण त्यात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ दीडपट ते दुप्पट असतो आणि त्याखाली चहाची चव दबून जाते.

पाण्याला आधण आल्यावर प्रथम ठेचलेले आले घालावे आणि दोन मिनिटे उकळू द्यावे. आल्यात दुधातील प्रथिने तोडणारे विकर असते, ते उष्णतेने निकामी होते. कच्चे आले कोमट दुधात पडले की दूध फाटण्याचा धोका असतो, तो यामुळे टळतो. आले किसण्यापेक्षा खलबत्त्यात ठेचलेले मला अधिक आवडते. त्यानंतर साखर आणि पावडर घालून, आच मंद करून, घड्याळ पाहून दोन मिनिटे उकळावे. गवती चहाची एक-दोन पाती घालायची असल्यास ती याच वेळी घालून वर झाकण ठेवावे, म्हणजे त्यांचा वास उडून जात नाही.

दूध मात्र वेगळे तापवून गरमच घालावे. फ्रिजमधले थंड दूध ओतले की पातेल्यातील उकळी बसते, ती परत येईपर्यंत पावडर पाण्यात तशीच राहते आणि वेळेचा हिशेब चुकतो. दुधातील केसीन चहातील तुरट घटकांना बांधून घेते, म्हणूनच दुधाचा चहा कोऱ्या चहापेक्षा मऊ लागतो. त्यासाठी दूध घातल्यावर मंद आचेवर एक मिनिट पुरते, चहा तीन-तीनदा वर चढवण्याची गरज नाही. गुळाचा चहा करायचा असेल तर गूळ उकळत्या दुधात टाकू नये, आच बंद करून मगच घालावा किंवा कपात घेऊन त्यावर चहा गाळावा. वेलची गाळण्यापूर्वी ठेचून टाकावी. दार्जिलिंगच्या लांब पानांना ही कृती मुळीच लावू नये. ती पाने उकळायची नसतात.

पुढचे तीन-चार दिवस पाणी, दूध आणि पावडर यांचे माप अगदी तेच ठेवून, पावडर पाण्यात उकळण्याचा वेळ तेवढा एका दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी तीन मिनिटे असा बदलून पाहावा, म्हणजे आपल्या पावडरीला काय मानवते ते कळेल. आमच्या घरी दोन मिनिटांवर सर्वांचे जमले आहे; सासूबाईंना मात्र कडक चहा लागतो, म्हणून आमचे कप गाळून झाल्यावर त्यांच्यापुरता चहा मी पातेल्यात ठेवून आणखी एक मिनिट उकळते.