चीजकेक: खरवसाच्या जातीचा की श्रीखंडाच्या?

ताई, नागपुरातल्या धरमपेठेतून आणलेला चीजकेक घट्ट निघाला, सदरमधला तोंडात ठेवताच विरघळला, मग खरा कोणता, असं तुम्ही विचारलंय. त्यात सासूबाईंच्या पंचाहत्तरीला बिनाअंड्याचा हवा. खरे दोन्ही आहेत जी.

भाजलेला खरवसाच्या जातीचा. क्रीम चीज, साखर आणि अंडी भट्टीत आवळून येतात, म्हणून सुरीला चिकटतो, पण काप उभा राहतो. न्यूयॉर्क नावाने मिळतो तो हाच: जड, किंचित आंबूस. वर तडा दिसला तर घाबरू नका, बहुधा जरा जास्त भाजला गेलाय.

न भाजलेला श्रीखंडाच्या वळणाचा. क्रीम चीजमध्ये फेटलेलं क्रीम घालून फ्रिजमध्ये थिजवतात, बरेचदा जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासूनचं) किंवा अगर-अगरच्या (समुद्री शेवाळापासूनच्या) आधाराने. कापाच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात. हा उन्हाचा वैरी. मागच्या मे महिन्यात मी स्कूटरवर पायाशी डबा ठेवून धरमपेठेतून मानेवाड्याला निघालो, पारा ४५च्या घरात. घरी झाकण उघडलं तर खालचा बिस्किटाचा थर एका कोपऱ्यात, चीज दुसऱ्या, आणि स्ट्रॉबेरी झाकणाला. वाट्यांत घालून दिला; बायकोने पाहुण्यांना सरळ सांगितलं, पुडिंग आहे.

बास्क म्हणजे स्पेनच्या सान सेबास्तियानचा. कडक आचेवर वरून काळपट जळू देतात, आत लिबलिबीत, खाली सहसा बिस्किट नाही. तो कडवटपणा मला फार आवडतो, सासूबाईंना मात्र करपलाय असंच वाटेल. जपानी तर फेसलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावरच फुगतो. स्पंज केकचा चुलत भाऊ. या दोन्हींत मुळात अंडं असतंच.

तुमच्यासाठी बिनाअंड्याचा भाजलेला बघा. त्यात बहुतेक कंडेन्स्ड मिल्क, दही, कॉर्नफ्लोअर असतं. थोडा जास्त गोड, पण काप नीट पडतो. पाकिटावर हिरवा ठिपका पाहा. अंडं असेल तर तपकिरी त्रिकोण असतो. काचेमागच्या सुट्या कापावर काहीच लिहिलेलं नसतं, तिथे तोंडाने विचारायचं: भाजलाय का, अंडं आहे का, जिलेटिन आहे का. आणि घटकांची यादी वाचा. ज्याचं वजन जास्त ते आधी लिहितात. चीजच्या आधी वनस्पती तेल दिसलं तर टाळूला तुपकट थर बसणार, हे धरून चला.

फ्रोझन आणलात तर आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. वाढायच्या १५-२० मिनिटं आधी बाहेर काढा, सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा. संत्र्याच्या सोललेल्या फोडी वर घालायच्या असतील तर ताटलीत वाढतानाच घाला, आधी घातल्या तर रस सुटून बिस्किट भिजतं.