यॉर्क: आई-बाबांना घेऊन दोन दिवस

इंग्लंडमध्ये तुमच्याकडे लीड्सला आई-बाबा आलेत, बाबा रेल्वेतून निवृत्त, गुडघे दुखतात, आई पूर्ण शाकाहारी, आणि यॉर्कसाठी दोन दिवस काढलेत, असं तुम्ही लिहिलंय. तुमची आठ ठिकाणांची यादी बघितली. निम्मी कापा. गाव लहान आहे म्हणून लोक सगळं एका दमात उरकायला जातात आणि शेवटी फक्त पाय दुखल्याचं लक्षात राहतं.

मुक्कामही नको. लीड्सहून रेल्वेने साधारण अर्धा तास, दोनदा जाऊन या. फक्त शनिवार नको. घोड्यांच्या शर्यती असतील तर संध्याकाळी स्टेशनवर झिंगलेल्या मंडळींमधून वाट काढावी लागते.

पहिला दिवस मिन्स्टरचा, म्हणजे यॉर्कच्या प्रचंड कॅथेड्रलचा. तिकीट स्वस्त नाही, म्हणून तासाभरात बाहेर पडू नका. २७५ पायऱ्यांचा मनोरा बाबांसाठी बाद. त्याऐवजी घरून एक छोटी दुर्बीण न्या, हा माझा सगळ्यात कामाचा सल्ला. पूर्वेकडची प्रचंड खिडकी जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी आहे. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने ती १४०५ ते १४०८ या काळात रंगीत काचेत घडवली, एकूण मोबदला ५६ पौंड. जगाची उत्पत्ती आणि जगाचा अंत, दोन्ही तिच्यात आहेत, पण वरची चित्रं नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. खुर्चीत बसून दुर्बिणीतून एकेक चौकट बघता येते, गुडघ्यांना त्रास नाही. उत्तरेकडच्या 'फाइव्ह सिस्टर्स'च्या उंच, करड्या खिडक्या त्याहून जुन्या, तेराव्या शतकातल्या. मला तर त्याच जास्त आवडतात.

तळघरातलं संग्रहालय चुकवू नका. १९६७मध्ये मनोऱ्याचा पाया खचत असल्याचं लक्षात आल्यावर खोदकाम करावं लागलं, तेव्हा खाली रोमन छावणीचे अवशेष सापडले. रोमन सैन्य इथे इ.स. ७१मध्ये आलं आणि ३०६मध्ये कॉन्स्टन्टाइनला सम्राट म्हणून इथेच घोषित केलं गेलं. त्याचा बसलेला पुतळा दक्षिण दरवाजाबाहेर आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला तिकीट लागत नाही. वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा आणि थांबा. श्रद्धा असो-नसो, त्या छताखाली गाणं ऐकायलाच हवं.

तटबंदी साधारण साडेतीन किलोमीटर आहे, फुकट आहे, पण बाबांना पूर्ण फेरी मारायला लावू नका. बूथम बार ते मंक बार (इथे 'बार' म्हणजे तटबंदीचा दरवाजा) एवढाच तुकडा करा. मिन्स्टर आणि त्यामागच्या बागा इथून सर्वात छान दिसतात. दोन्ही टोकांना पायऱ्या आहेत आणि बऱ्याच ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही, तेव्हा पाऊस पडून गेला असेल तर सरळ सोडून द्या.

शॅम्बल्सची गल्ली सकाळी नऊच्या आत. नंतर हॅरी पॉटरछाप जादूच्या छड्या विकणाऱ्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि वर बघायला जागा राहत नाही. ही खाटीकगल्ली होती, मांस टांगायचे आकडे अजून काही दुकानांवर आहेत. क्लिफर्ड्स टॉवर या टेकडीवरच्या किल्ल्याच्या बुरुजाची चढण टाळा, पण टेकडीखाली दोन मिनिटं थांबा. मार्च ११९०मध्ये जमावाच्या भीतीने इथे आसऱ्याला आलेले सुमारे दीडशे ज्यू मृत्युमुखी पडले, बऱ्याच जणांनी तर स्वतःच मरण पत्करलं. गाइडच्या हसऱ्या गोष्टींमध्ये हे कधी कधी गुंडाळलं जातं.

दुसरा दिवस पूर्ण बाबांचा. नॅशनल रेल्वे म्युझियम स्टेशनच्या मागेच आहे, फुकट आणि सपाट जमिनीवर. १९३८मध्ये ताशी २०३ किलोमीटरचा विक्रम केलेलं 'मॅलार्ड' हे वाफेचं इंजिन इथे आहे. जपानच्या पहिल्या पिढीच्या शिंकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा डबाही इथेच, त्यात चढून बसता येतं. नूतनीकरणामुळे अधूनमधून काही भाग बंद असतो, निघण्यापूर्वी वेबसाइट बघा. आणि "दोन तासांत आटपू" असं बाबांना सांगू नका, रेल्वेचा माणूस ऐकणार नाही.

आईंसाठी: यॉर्कशर पुडिंग गोड नसतं, त्यात अंडं असतं आणि पारंपरिक पद्धतीत ते गोमांसाच्या चरबीत भाजतात. दुकानदाराला न विचारता ताटात घेऊ नका. दशम्या, चटणी बरोबर असू द्या, म्युझियम गार्डन्समध्ये जुन्या अ‍ॅबीच्या (ख्रिस्ती मठाच्या) पडक्या भिंतींसमोर बसून खायला बाक भरपूर आहेत.