'ब्रेक फेल' वर थांबू नकोस

तू विचारलंस की इतके मुरलेले ड्रायव्हर असून मोठ्या ट्रकचे ॲक्सिडेंट होतात कसे. बातमीत दोनच कारणं असतात बघ, ब्रेक फेल झाला नाहीतर ताबा सुटला. माझ्या मते तो शेवट असतो, खरी गडबड कित्येक तास आधीच झालेली असते.

उताराचंच घे. ४० टन भरलेली गाडी ताशी ८० ने चाललीये तर ती थांबवायला ४० च्या स्पीडपेक्षा दुप्पट नाही, चौपट ऊर्जा जिरवावी लागते आणि पाय नुसता ब्रेकवर असेल तर त्यातली बहुतेक ब्रेकमध्येच उष्णता होऊन जाते. त्यात काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडतात (कसलं डिझेल वाचतं देव जाणे), मग ब्रेकचा ड्रम (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं) तापतो, तापला की फुगून लायनरपासून (आतून त्याला घासून गाडी धरणारी पट्टी) लांब सरकतो, लायनरची पकडही जाते, जळका वास येतो, पेडल दाबलेलं असतं तरी गाडी धरत नाही. आता खालचा गिअर टाकावा म्हटलं तर तो पडत नाही कारण स्पीड हाताबाहेर गेलेला. म्हणून गिअर उतार लागायच्या आधी, वरच कमी करायचा आणि इंजिनवर गाडी उतरवायची, म्हणजे इंजिनच तिला धरून ठेवतं.

लोडिंग चालू असताना स्वतः खाली उतरून बघ. माल उंच रचलाय का, एका बाजूला झुकलाय का, दोर नीट आवळलेत का, कारण वळणावर गाडी पलटी होते ती बरेचदा तिथून. टँकर अर्धा भरलेला असेल तर जास्तच सांभाळ, आतलं लिक्विड हेलकावे खातं आणि वळणात गाडीला ढकलतं.

आणि झोप. लोडिंगला गाडी तासन् तास उभी राहते, पोचायची वेळ मात्र तीच, मग तो वेळ कापला जातो ड्रायव्हरच्या झोपेतून. पहाटे २ ते ५ शरीर साथ देत नाही, ८० च्या स्पीडला ३ सेकंदांची डुलकी म्हणजे ६५ मीटरच्या वर गाडी आपली आपण चालली. काच खाली कर, गाणी लाव, काही उपयोग नाही, झोपच काढावी लागते.

फक्त रस्त्याच्या कडेला अंधारात उभी करून झोपू नकोस, डुलकी यायच्या आधीच पार्किंग गाठून थांब. मागून येणाऱ्याला रात्री पुढची गाडी उभी आहे की चालू हे लवकर कळतच नाही, आणि बंदच पडली तर चारही इंडिकेटर लावून चमकणारा लाल त्रिकोण बराच मागे नेऊन ठेव.