जुन्या घरगुती रिमोट कंट्रोल ट्रान्समीटरमधले भाग कसे ओळखायचे?

तुम्ही लिहिलंय, कोल्हापुरातल्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांनी बोटीसाठी बनवलेला ट्रान्समीटर सापडला, भागांवरची अक्षरं पुसली आहेत आणि सेल घालून बघू का. सेल राहू दे अजून. आधी झाकण काढा.

माझा जन्म रेडिओ दुरुस्तीत गेला आणि रंकाळ्यात असल्या बोटी मीही सोडल्यात (एक परत आलीच नाही, ती गोष्ट वेगळी). अशा डब्यात आकडे वाचत बसलात तर दिवस जातो. एरियलच्या बुडापासून उलटं मागं या. भाग कुठं बसलाय त्यावरून तो कोण ते कळतं.

एरियलला लागून जाड तारेची, मोजक्या वेढ्यांची कॉइल दिसेल. ती आउटपुटची. शेजारी स्क्रूनं फिरणारा ट्रिमर, म्हणजे कमीजास्त करता येणारा छोटा कंडेन्सर. त्यामागचा पत्र्याच्या टोपीचा, बहुधा उष्णता घालवायला पत्र्याच्या पाकळ्या लावलेला ट्रान्झिस्टर म्हणजे आउटपुट. आपल्याकडे २एन २२१९ किंवा एसएल १०० मिळायचे. आणखी मागं चपटी चकचकीत डबी, तो क्रिस्टल, फ्रिक्वेन्सी ठरवणारा. त्यावर २७.१४५ असा आकडा असेल तर तो मेगाहर्ट्झ. हा क्रिस्टल बहुधा तिसऱ्या ओव्हरटोनवर, म्हणजे मूळ कंपनाच्या साधारण तिप्पटीवर चालतो, म्हणून साध्या क्रिस्टल टेस्टरवर ९.०५ च्या आसपास दाखवेल. खराब समजून फेकू नका, मी एक फेकलाय.

काळ्या रंगाची काचेची नळी दिसली तर तो ओसी ७१ सारखा जर्मेनियम ट्रान्झिस्टर. लाल ठिपक्याकडचा पाय कलेक्टर. तो २७ मेगाहर्ट्झपर्यंत पोचतच नाही, म्हणजे तो भाग टोनचा, बोटीला हुकूम देणाऱ्या सुराचा. रंग खरवडू नका, उजेड लागला की तो वेगळंच वागतो. चार पायांचा, पत्र्याच्या टोपीचा एएफ ११७ जर्मेनियम ट्रान्झिस्टर असेल तर चौथा पाय टोपीला जोडलेला. आत कथिलाचे केस वाढून टोपीला चिकटतात. मीटरवर टोपी आणि बाकीच्या तिघांपैकी एखादा पाय वाजले तर चौथा पाय कापा, बरेचदा जिवंत होतो.

आता सेलचं. हे पीएनपी जातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतील तर बहुतेकदा बॅटरीचा प्लस डब्याला असतो. आपण सवयीनं मायनस धरतो आणि एका क्षणात सगळं संपतं. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा प्लस कुठल्या बाजूला जोडलाय ते बघा, तोच साक्षीदार. आणि काचेचे छोटे सात पिनांचे व्हॉल्व्ह, डीएल ९२ किंवा ३ए४, निघाले तर फिलामेंट (आतली तापणारी तार) १.४ व्होल्टचं (दोन अर्धी सिरीजमध्ये असली तर २.८) आणि प्लेटला ९० च्या आसपास. तिथं ९ व्होल्टचा सेल फिलामेंटला लावायचा मोह नको.

पट्ट्यांऐवजी पूर्ण रंगवलेला रेझिस्टन्स असेल तर अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा दुसरा, ठिपका शून्यांचा. पिवळं अंग, जांभळं टोक, नारंगी ठिपका म्हणजे ४७ हजार ओहम.

कॉइलमधला फेराइटचा स्क्रू लोखंडी पेचकसानं फिरवू नका. माझ्याकडून असाच एक तडकला आणि आत अडकून बसला. प्लास्टिकची सळई घासून पातळ करा.

सगळं पटलं की एरियलऐवजी टॉर्चचा छोटा बल्ब जोडून तपासा, थोडा जरी पेटला तरी ट्रान्समीटर चालतोय. बोट सापडली तर तिच्या रिसीव्हरमध्येही क्रिस्टल आहे का बघा. असला तर त्यावरचा आकडा बहुधा ४५५ किलोहर्ट्झनं कमी असतो, २७.१४५ ला २६.६९०. दोघांची अदलाबदल करू नका. डब्याचा दोन्ही बाजूंनी फोटो टाकलात तर एकेक भाग सांगतो.